पायातील रक्ताची गाठ विरल्यानंतर

एक पाय सदा सुजलेला, घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट पडलेली आणि त्याच जागी भरून पुन्हा पुन्हा फुटणारी जखम, असा मनुष्य आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी कोठे ना कोठे पाहिला असेल. या दुखण्यास कोणी वात म्हणतो, कोणी रक्त नासले असे सांगतो, कोणी हत्तीरोग ठरवून मोकळा होतो. मलमे, लेप, जळवा, इंजेक्शने यांत पैसा जातो. पण त्या मनुष्यास काही वर्षांपूर्वी पाय मोडून अंथरुणास खिळावे लागले होते काय, किंवा त्या पायात कधी रक्ताची गाठ झाली होती काय, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. वास्तविक पुष्कळ वेळा दुखण्याचे मूळ तेथेच असते. गाठ विरते, औषध संपते, मनुष्य कामास लागतो, आणि खरे दुखणे त्यानंतर सुरू होते. डॉक्टर त्यास ‘पोस्ट थ्रॉम्बोटिक सिंड्रोम’ म्हणतात. हे दुखणे एकदा जडले म्हणजे समूळ जाणे कठीण. परंतु वेळीच ओळखून रोजची थोडी शिस्त पाळली तर ते जखमेपर्यंत जाऊ न देणे बऱ्याच अंशी आपल्या हाती असते. म्हणून प्रस्तुत अंकी त्याचा विचार करण्याचे योजिले आहे.

बिद्री हे गाव कागल तालुक्यात, कोल्हापुराहून गारगोटीस जाणाऱ्या रस्त्यावर. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना येथेच असल्याने सभोवार उसाचे राज्य आहे. भुदरगड व राधानगरीच्या डोंगराकडे जावे तसतसे भात वाढत जाते. ही दोन्ही पिके मनुष्यास उभे ठेवून काम करून घेणारी आहेत. रोपलावणीत दिवस दिवस चिखलात वाकून उभे राहावे लागते. वीज रात्रीची असली म्हणजे उसास पाणी पाजणारा रात्रभर दारे धरून बांधावर उभा. गुऱ्हाळावर तर गुळव्या काहिलीपासून हलू शकत नाही, आणि वर चुलवाणाची धग. नुसते उभे राहिल्याने पायात गाठ होते असे नव्हे, हे आरंभीच सांगून ठेवतो. परंतु एकदा गाठ होऊन गेलेल्या पायावर या उभ्या कामाचा भार फार वाईट पडतो. तो का, हे समजण्यास पायातील रक्त वर कसे चढते ते पाहिले पाहिजे.

हृदयाकडून पायाकडे रक्त येते ते धमन्यांतून, हृदयाच्या जोराने. परत जाते ते शिरांतून, आणि त्या वाटेवर हृदयाचा जोर जवळजवळ संपलेला असतो. विहिरीतील पाणी वर काढण्यास जसा पंप लागतो तसा येथेही लागतो, आणि तो पंप म्हणजे आपली पोटरी. पाऊल टाकताना पोटरीचा स्नायू आवळतो, आतील शिरा दाबल्या जातात व रक्त वर ढकलले जाते. स्नायू सैल पडताच ते रक्त खाली येऊ नये म्हणून शिरेच्या आत ठिकठिकाणी पातळ झडपा आहेत. पंपाच्या पाण्यातील टोकास आपण फूट व्हॉल्व्ह बसवितो, त्याचेच हे काम. फूट व्हॉल्व्ह गळका झाला म्हणजे पंप कितीही चालवा, नळीतील पाणी खाली उतरते, हा अनुभव कोणत्या शेतकऱ्यास नाही?

इटलीतील पादुआ येथील शारीरशास्त्रज्ञ फाब्रिसियस यांनी या झडपांवर १६०३ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या लॅटिन नावात झडपांस ‘छोटी दारे’ असे म्हटले आहे. उसाच्या रानात दारे धरणाऱ्यास हे नाव परके वाटणार नाही. मात्र ही दारे कोणत्या बाजूस उघडतात याचा खरा अर्थ त्यांचे शिष्य विल्यम हार्वे यांनी लावला व १६२८ साली रक्त शरीरात फिरते हे सिद्ध केले.

झडपांचा आणखी एक उपयोग आहे. दूधगंगेवर व वेदगंगेवर एकाखाली एक कोल्हापुरी बंधारे आहेत. त्यांत बरगे घातले म्हणजे पाणी टप्प्याटप्प्याने अडते व सगळ्या पाण्याचा भार एकाच ठिकाणी येत नाही. चालताना शिरेतील झडपाही रक्ताचा उभा स्तंभ असाच तोडून धरतात. निश्चल उभ्या मनुष्याच्या घोट्याजवळील शिरेत पाऱ्याच्या सुमारे ८० ते ९० मिलिमीटर इतका दाब असतो. तोच मनुष्य चालू लागला म्हणजे दहा-बारा पावलांत तो २० ते ३० पर्यंत उतरतो. झडपा बिघडलेल्या पायात तो असा उतरत नाही. मनुष्य चालो वा उभा राहो, घोट्यावरील भार दिवसभर तसाच राहतो. या दुखण्याचे सारे मर्म एवढ्यात आहे.

आता गाठ. मांडीचे किंवा खुब्याचे हाड मोडणे, मोठी शस्त्रक्रिया, बाळंतपण, कर्करोग, दीर्घ काळ अंथरुणात पडून राहणे, काही घराण्यांत रक्ताचीच गोठण्याची प्रवृत्ती असणे, या कारणांनी पायाच्या खोल शिरेत रक्त थिजते. एकाएकी एकच पाय सुजतो, पोटरी किंवा मांडी ठणकते, पाय गरम लागतो. पुष्कळदा यास मुरगळणे समजून चोळले जाते. ते सर्वथा टाळावे. गाठ सुटून फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते, आणि म्हणून पहिल्या काही आठवड्यांत डॉक्टरांचे सारे लक्ष तो धोका टाळण्याकडे असते, ते योग्यच आहे. पण गाठ विरताना शिरेच्या आतील अस्तराचा दाह होतो, नाजूक झडपा आखडतात किंवा भिंतीस चिकटतात, कोठे शीर अर्धवट बुजलेली राहते. पाटातील गाळ निघाला तरी मोडलेले दार आपोआप दुरुस्त होत नाही, तसाच हा प्रकार.

गाठ झालेल्यांपैकी किती जणांस पुढे हा त्रास होतो? मोजण्याचे निकष निरनिराळे असल्याने आकडे कमीअधिक मिळतात. परंतु सर्वसाधारणपणे शंभरांत २० ते ५० जणांस एक-दोन वर्षांत कमीजास्त लक्षणे दिसतात, आणि ५ ते १० जणांचे दुखणे तीव्र होते. गाठ गुडघ्याच्या वर, मांडीत किंवा ओटीपोटात असली तर धोका अधिक. स्थूल मनुष्यास अधिक. आणि सर्वांत अधिक, त्याच पायात दुसऱ्यांदा गाठ झालेल्यास.

आरंभी लक्षणे इतकी सौम्य असतात की शेतकरी त्यांकडे पाहातच नाही. सकाळी पाय ठीक, सायंकाळी जड. वहाणेचा पट्टा संध्याकाळी रुतू लागतो. रात्री पोटरीत पेटके येतात. पाय वर करून पडले की बरे वाटते. पुढे घोट्यावरील कातडी खाजते, कोरडी होते, तांबूस व मग तपकिरी-काळी पडते. दाबाखालील बारीक वाहिन्यांतून रक्ताचे कण बाहेर झिरपतात आणि त्यांतील लोह कातडीत साठते, त्याचा हा रंग. त्यानंतर पोटरीचा खालचा भाग लाकडासारखा कठीण होतो. शिरोळ तालुक्यातील क्षारपड जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांस हे लवकर उमजेल. पाण्याचा निचरा बंद झाला म्हणजे पाणी वर येते, मागे क्षार ठेवते, जमीन चोपण होते आणि शेवटी तीत काही उगवत नाही. पायाचेही तेच होते. अशा कातडीस उसाच्या पाचटाचा साधा ओरखडा पुरतो. इतरांचा ओरखडा चार दिवसांत भरला असता. येथे त्याची जखम होते व महिनोगणती राहते.

हत्तीरोगाशी याची गल्लत होते म्हणून दोन शब्द. हत्तीरोगात सूज पाऊल व बोटांपर्यंत उतरते, कातडी जाड होते. शिरेच्या दुखण्यात बोटे बहुधा मोकळी असतात, रंग बदलतो आणि जखम आतल्या घोट्याच्या वर होते. बोस्टनचे शस्त्रवैद्य जॉन होमन्स यांनी १९१७ सालीच दाखविले होते की, वरच्या फुगलेल्या शिरांमुळे होणारी जखम वेगळी आणि खोल शिरेतील गाठीनंतरची जखम वेगळी, व दुसरी बरी करणे अधिक अवघड. आज शंका असल्यास डॉप्लर सोनोग्राफीने शिरेतील प्रवाह प्रत्यक्ष पाहता येतो. त्यास टोचावे वा कापावे लागत नाही.

उपायांत पहिला मान रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा, कारण दुसरी गाठ टाळणे हाच पुढील दुखणे टाळण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. या औषधाचा इतिहास शेतकऱ्याच्या गोठ्यात सुरू झाला, तो येथे थोडा विस्ताराने सांगण्याजोगा आहे.

गेल्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत अमेरिका व कॅनडाच्या थंड प्रदेशांत गुरे रक्तस्राव होऊन मरू लागली. शिंगे कापली की रक्त थांबेना. काहींस तर न कापता, आतल्या आतच रक्तस्राव होई. कॅनडातील पशुवैद्य फ्रँक स्कोफील्ड यांनी शोधून काढले की दोष चाऱ्यात आहे. मेथीच्या नात्यातील ‘स्वीट क्लोव्हर’ नावाचा चारा ओला राहून बुरसला म्हणजे हा रोग होतो. १९३३ सालच्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिन प्रांतातील एड कार्लसन हा शेतकरी हिमवादळातून सुमारे तीनशे किलोमीटर गाडी हाकीत मॅडिसन येथील विद्यापीठात कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाकडे पोहोचला. बरोबर एक मेलेली कालवड, बुरसलेला चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त. लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातील द्रव्य शोधण्यास सहा-सात वर्षे घेतली. त्याच कुळातील वॉरफरिन हे द्रव्य १९४८ साली प्रथम उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांस औषध म्हणून दिले जाऊ लागले. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांस हृदयविकारानंतर ते देण्यात आले.

आपण रानातील उंदरांस घालतो ते ब्रोमॅडिओलोनही याच कुळातले. हे कानी आल्यावर घरचे लोक ‘उंदराचे औषध देतात’ म्हणून गोळी बंद करवितात. हे अज्ञान जिवावरचे आहे. विष आणि औषध यांतील भेद मात्रेचा असतो, आणि ती मात्रा मोजण्यासाठीच आय.एन.आर. नावाची रक्ततपासणी आहे. बहुधा तो आकडा २ ते ३ च्या दरम्यान ठेवावयाचा असतो. आकडा सारखा खाली राहिला तर पुन्हा गाठ होऊन झडपा बिघडण्याचा संभव वाढतो. वर गेला तर रक्तस्रावाची भीती. वॉरफरिन घेणाऱ्याने मेथी, पालक यांसारख्या पालेभाज्या सोडू नयेत. मात्र एक आठवडा रोज भाजी व दुसरा आठवडा मुळीच नाही, असे करू नये. हल्ली रिव्हारोक्सॅबान, एपिक्सॅबान आदी नव्या गोळ्या मिळतात, त्यांस अशी वरचेवर तपासणी लागत नाही. पण त्यांचा अंमल लवकर ओसरतो, म्हणून एकही वेळ चुकविणे बरे नाही. औषध कमीत कमी तीन महिने आणि कित्येकांस त्याहून पुष्कळ अधिक काळ घ्यावे लागते. किती, ते गाठीच्या कारणावर अवलंबून असल्याने डॉक्टरांनीच ठरवावे. कंबर दुखली म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी आणून यासोबत घेण्याची आपल्याकडील सवय फार धोक्याची आहे. त्यायोगे पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

दुसरा उपाय बाहेरून दाब देण्याचा. घोट्याशी घट्ट व वर गुडघ्याकडे सैल होत जाणारे विशिष्ट विणीचे मोजे मिळतात. आतील झडपा गळक्या झाल्या तरी बाहेरच्या दाबाने शिरा आवळून धरल्या जातात. गाठ झालेल्या प्रत्येकास हे मोजे दोन वर्षे घातले तर पुढील दुखणे टळते, असे एक काळ मानीत. १९९७ साली हॉलंडमधील एका प्रयोगात त्याने त्रास निम्मा झालेला दिसला. पुढे कॅनडा व अमेरिकेतील २४ रुग्णालयांत ८०६ रोग्यांवर अधिक कसोशीने प्रयोग झाला. निम्म्यांस खरे मोजे, निम्म्यांस दिसण्यास तसेच पण दाब नसलेले. २०१४ साली निकाल आला तेव्हा दोन वर्षांत खरे मोजे घालणाऱ्यांत शेकडा १४.२ व दुसऱ्यांत शेकडा १२.७ जणांस दुखणे जडले होते, म्हणजे फरक असा नव्हताच. यावरून आमचे मत असे की, पायास काही त्रास नसता केवळ भीतीने महागडे मोजे घेण्याची सक्ती कोणी करून घेऊ नये. परंतु सूज व जडपणा सुरू झाला असेल तर गोष्ट निराळी. तेव्हा मोज्यांनी आराम पडतो, आणि जखम भरून आल्यानंतर ती पुन्हा फुटू नये म्हणून तर ते आवश्यकच आहेत.

मोजे पायाचे माप घेऊन घ्यावेत. सकाळी बिछान्यातून उतरण्यापूर्वी, सूज नसताना चढवावेत, रात्री काढावेत. त्यांची ताण सुमारे सहा महिन्यांत सैल पडते. उन्हाळ्यात ते असह्य होतात व चिखलात घालता येत नाहीत, ही शेतकऱ्याची अडचण खरी आहे. रोपलावणीच्या दिवसांत लावणीचे काम दुसऱ्यास देऊन अशा मनुष्याने फिरती देखरेख पत्करावी, एवढाच व्यवहार्य तोड आम्हांस दिसतो. आणि एक मोठी सूचना: ज्याच्या धमन्याच आखडलेल्या आहेत त्यास घट्ट दाब दिल्यास पाय कुजण्याचा धोका आहे. निपाणीच्या शेजारी राहून आमच्या भागात तंबाखू व विडी घरोघर पोहोचली आहे. विडी ओढणाऱ्याच्या आणि जुन्या मधुमेह्याच्या पायातील धमन्यांची नाडी तपासल्याशिवाय मोजे वा घट्ट पट्टी बांधू नये.

तिसरा उपाय फुकटचा आहे, म्हणूनच कदाचित त्याकडे दुर्लक्ष होते. चालावे. औषध सुरू झाले म्हणजे चालण्याने गाठ सुटते ही भीती सोडावी. पोटरीचा पंप चालविण्यास दुसरे साधन नाही. उभे राहणे व चालणे यांत मात्र जमीनअस्मानाचा फरक आहे. पाणी पाजणाऱ्याने एका जागी उभे न राहता सरीच्या कडेने येरझाऱ्या घालाव्यात. गुळव्याने दर थोड्या वेळाने टाचा वीस-तीस वेळा उचलून टेकवाव्यात, आणि रस उकळीस येईपर्यंत दूर बसून घ्यावे. उष्णतेने शिरा अधिक फुगतात. दुपारी व सायंकाळी पंधरा-वीस मिनिटे उताणे निजून पाय छातीहून उंच ठेवावेत. नुसते खुर्चीवर बसून पाय लोंबकळत ठेवणे म्हणजे विश्रांती नव्हे. रात्री खाटेच्या पायथ्याकडील खुरांखाली दोन दोन विटा ठेवल्या तर सकाळी सूज उतरलेली आढळेल. उसात शिरताना पूर्ण पँट किंवा पायास जाड कापड गुंडाळलेले असावे, आणि कातडी कोरडी पडू नये म्हणून रोज खोबरेल किंवा साधे व्हॅसलीन लावावे.

जखम झालीच तर तीवर काय घालू नये याची यादी मोठी आहे: तंबाखूची पूड, चुना, शेण, राख, रॉकेल, बॅटरीतील पावडर, कोणाचा तरी गुप्त पाला. साध्या स्वच्छ पाण्याने धुऊन, न चिकटणारी पट्टी ठेवून, वर पावलापासून गुडघ्यापर्यंत अनेक पदरी दाबाची पट्टी शिकलेल्या हाताने बांधणे, हा खरा उपचार. ती बहुधा आठवड्यास बदलतात. जखम बरी होते ती मलमाने नव्हे, दाबाने; हे रोग्यास पटविणे सर्वांत कठीण जाते. अशा रीतीने पुष्कळ जखमा तीन ते सहा महिन्यांत भरतात. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. जी जखम इतके करूनही भरत नाही, किंवा जिच्या कडा उंच व कठीण होतात, तिचा तुकडा तपासून घ्यावा, कारण वर्षानुवर्षांच्या जखमेत क्वचित कर्करोग होतो. ओटीपोटातील मुख्य शीर बुजलेली असेल तर आता तीत जाळीची नळी बसविण्याची सोय आहे. परंतु ती निवडक रोग्यांसाठी, आणि मोठ्या शहरातील शिरांच्या शस्त्रवैद्याकडेच.

पाय पुन्हा एकाएकी सुजला तर त्याच दिवशी, आणि धाप लागली, छातीत कळ आली किंवा थुंकीतून रक्त पडले तर त्याच घटकेस दवाखाना गाठावा. कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय सरकारी आहे. खर्चाच्या भीतीने रात्र काढण्याचे कारण नाही.

घरातील स्त्रियांविषयी लिहिणे राहिले. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे पायात गाठ होण्याच्या दृष्टीने विशेष जोखमीचे असतात, आणि आपल्या रीतीप्रमाणे नेमके तेच दिवस बाळंतिणीस खाटेवर, शेकाशेगडीच्या उष्णतेत काढावयास लावितात. गरोदरपणी व बाळंतपणात ही गाठ बहुधा डाव्या पायात होते, कारण ओटीपोटात डाव्या शिरेवरून उजवी धमनी जाते व तिचा दाब पडतो. पाय लुगड्याखाली झाकलेला. सूज आली तरी सून सासूस सांगत नाही, आणि सांगितली तर ‘बाळंतपणाची सूज, उतरेल’ असे उत्तर मिळते. बाळंतिणीस दुसऱ्या दिवसापासून घरात चालते ठेवावे, पाणी भरपूर द्यावे, आणि दोन्ही पोटऱ्यांचा घेर दोरीने मोजून पाहावा. एक पोटरी दुसरीहून तीन सेंटिमीटरांहून अधिक जाड भरली तर डॉप्लर करून घेण्यास उशीर लावू नये. जिला एकदा अशी गाठ होऊन गेली आहे तिने पुढील खेपेस दिवस राहताच डॉक्टरांस ते सांगावे, कारण वॉरफरिन गर्भास अपायकारक आहे व त्याऐवजी हेपरिनच्या जातीची इंजेक्शने द्यावी लागतात. जुन्या गाठीचे कागद व सोनोग्राफीचा अहवाल सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर जपून ठेवावा. मुलगी माहेरी बाळंतपणास आली असेल तर तो सासरहून मागवून घ्यावा.